मार्जारसेनेतले फितूर

"माझ्या सैन्यात फितूर घुसवलेस तू. हे बघ, नारिंगी. आणि हे आणखी एक," ढोल म्हणाला.

ढोल म्हणाला म्हणजे काय, तर गच्चीवरची कबुतरं उडाली आणि खाली गल्लीत सायकल दुरुस्त करणाऱ्याच्या हातातला पाना पडला. त्याचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत असायचं. एकदा तो शिंकला तेव्हा शेजारच्यांच्या बंद पडलेल्या घड्याळाचा गजर वाजायला लागला, असं आजोबा शपथेवर सांगत.

त्याच्यासमोर त्याची आतेबहीण मांडी घालून बसली होती. तिला सगळे वकील म्हणत, कारण "जेवायला चल" म्हटलं तरी ती "कशावरून?" विचारायची. दोघांच्या मध्ये खडूने आखलेला मोठा पट होता आणि पटावर दोन सैन्यं उभी होती. सैनिक म्हणजे इंजेक्शनच्या सुयांवरची प्लॅस्टिकची टोपणं. या घरात दोघांना साखरेचा आजार होता, आजोबांना आणि दिवाणजींना. दोघंही सकाळ-संध्याकाळ टोचून घेत. सुई लगेच जाड बाटलीत बंद व्हायची आणि टोपण मुलांना मिळायचं. आजोबांच्या उशाजवळच्या ताटलीतली टोपणं वकीलची. ती नारिंगी असायची. स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या वाटीतली दिवाणजींची टोपणं ढोलची. ती लाल. ही झाली मार्जारसेना.

कारण दिवाणजी हे मांजर होतं.

वकीलने शांतपणे युक्तिवाद मांडला. तिचे सैनिक तिने ढोलच्या पिशवीत टाकले असते तर तिच्याकडचे कमी झाले असते. ते कमी झालेले नाहीत. शिवाय स्वतःचं सैन्य शत्रूला फुकट देणारा सेनापती वेडा असतो, आणि ती वेडी नाही. ढोलने तिची पिशवी उपडी करून तपासली. खरंच एकही कमी नव्हतं. मग त्याने विचारलं, की हे नारिंगी माझ्या पिशवीत काय चालत आले?

वकीलने एक नारिंगी टोपण उचलून उलटसुलट बघितलं.

तेवढ्यात खालून शेपूटची हाक आली. शेपूट म्हणजे ढोलची धाकटी बहीण. दोघं सुट्टीला आजोबांकडे आली होती. सगळ्यांच्या मागे मागे फिरायची म्हणून शेपूट. एरवी तिची हाक "मला पण, मला पण" अशी असायची. आजची हाक बारीक आणि फाटलेली होती. दोघंही पट तुडवत जिन्याकडे धावले.

दिवाणजी पाण्याच्या भांड्याशेजारी आडवे पडले होते. करड्या पट्ट्यांचे आणि अर्ध्या शेपटीचे दिवाणजी. एरवी पुढचे पाय छातीखाली घेऊन असे बसत, की घरातल्या माणसांना आपण काही अर्ज घेऊन आलो आहोत असं वाटायचं. आता त्यांचे पाय हवेत पोहल्यासारखे हलत होते. डोळे उघडे होते, पण त्या डोळ्यांना काही दिसत नव्हतं. शेपूट त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. शेजारी मधाची बाटली होती आणि ती बोटाने त्यांच्या हिरड्यांना मध चोळत होती. ओठ घट्ट मिटून, न रडता, पुन्हा पुन्हा.

सुट्टी लागायच्या बऱ्याच आधी, मधल्या एका जोडसुट्टीत, हे मांजर शेपूटनेच शोधलं होतं. प्राण्यांच्या दवाखान्यामागे सोडून दिलेल्या मांजरांचा निवारा होता. पुढच्या खोलीतली गुबगुबीत पिल्लं बघता बघता दत्तक जायची. मागच्या खोलीतली मात्र कुणी नेत नसे. तिथे एक आंधळी मांजर होती, मागचे पाय लुळे पडलेला एक बोका होता आणि दिवाणजी होते. शेपूटने पिंजऱ्यात बोट घातलं, दिवाणजींनी त्यावर पंजा ठेवला आणि ती तिथेच बसून राहिली. तिला ओढून नेणं कुणाला जमेना. शेवटी आजोबा म्हणाले, की टोचून घेणारा एक घरात आहेच, दुसरा आला तर मला सोबत होईल.

डॉक्टरीणबाईंनी लगेच हो म्हटलं नव्हतं. इंजेक्शन रोज दोनदा, जेवण ठरल्या वेळी, आणि चूक झाली तर मांजर हातचं जाणार. त्यांनी सुट्टी संपेपर्यंतची मुदत दिली होती. तोपर्यंत दिवाणजींची साखर ताळ्यावर राहिली तर ते कायमचे या घरचे, नाहीतर परत मागच्या खोलीत. लटपटायला लागले तर हिरड्यांना मध चोळायचा, हेही त्यांनी सांगितलं होतं. मोठी माणसं तेव्हा माना डोलावत होती. ऐकत होती ती शेपूट.

सुरुवातीला सगळं छान चाललं. मग मुलं सुट्टीला आली आणि काहीतरी बिघडलं. दिवाणजी भांडीच्या भांडी पाणी पिऊ लागले आणि त्यांच्या पाठीची हाडं हाताला लागायला लागली. डॉक्टरीणबाईंनी फोनवर औषध वाढवायला सांगितलं, मग आणखी वाढवायला. तरी गुण नाही. आणि मध्येच एखाद्या दुपारी दिवाणजी भिंतीचा आधार घेत चालायचे. असं का होतंय, ते कुणालाच कळत नव्हतं.

"हातात काय आहे तुझ्या?"

दारात आत्या उभी होती. आत्या म्हणजे वकीलची आई. खाली तिचं बटणांचं दुकान होतं, आणि आरडाओरडा ऐकून ती गिऱ्हाईक सोडून वर आली होती. तिने मांजराकडे पाहिलं, मधाच्या बाटलीकडे पाहिलं, शेपूटच्या चिकट बोटाकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा बदलला.

"तरीच. आम्ही इकडे औषध वाढवतोय आणि तू याला चोरून गोड खाऊ घालतेस. लाड करून मारशील त्याला."

शेपूटने काहीतरी सांगायचा प्रयत्न केला, पण आत्या टोपली आणायला वळली होती. टोपलीत चादर, चादरीवर दिवाणजी. वकील आणि ढोल चपला घालून तयार झाले. शेपूटही निघाली, तशी आत्या म्हणाली, की तू नको, तू आजोबांजवळ बस आणि कशाला हात लावू नकोस. शेपूट आजोबांच्या पलंगाखाली जाऊन बसली. ढोलने खाली वाकून पाहिलं, तर ती बोटावरचा मध फ्रॉकला पुसत होती.

ती असं करणार नाही, हे ढोलला माहीत होतं. पण रस्ताभर त्याच्या तोंडून आवाज फुटला नाही. ढोल गप्प म्हणजे प्रकरण गंभीर.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी दिवाणजींच्या कानाला बारीक टोचून रक्ताचा थेंब घेतला आणि छोट्या यंत्राला लावला. आकडा बघून त्यांच्या कपाळावर आठी पडली. पायात नळी, नळीतून साखरेचं पाणी. मग वाट बघणं. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं, जमिनीवरून कोपऱ्यात गेलं, तेव्हा कुठे दिवाणजींनी डोकं उचललं, आणि ते एका बाजूला कललेलंच राहिलं.

डॉक्टरीणबाई हात धुऊन आल्या. त्या रागावल्या नाहीत, आणि तेच जास्त वाईट होतं. त्या आत्याला म्हणाल्या, की तुम्ही प्रयत्न केलात, पण याची साखर कधी आभाळात, कधी पाताळात. पुन्हा असं झालं तर हा वाचणार नाही. याला इथेच ठेवू या. मागची खोली म्हणजे काही तुरुंग नाही.

मागच्या खोलीचं दार अर्धवट उघडं होतं. आतला पिंजरा ढोलला दिसला. त्यावर अजून दिवाणजींच्या नावाची चिठ्ठी होती. कुणी काढलीच नव्हती, जणू ते परत येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आत्याने मान खाली घालून मधाची गोष्ट सांगितली. आमच्याच घरातल्या मुलीने गोड चारलं, म्हणाली.

"मध? कधी दिला?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. वकीलने सांगितलं, की ते पडल्यावर, हिरड्यांना चोळून. डॉक्टरीणबाई आत्याकडे वळल्या. "अहो, मधाने साखर चढते, उतरत नाही. याची उतरली होती. त्या मुलीने मध चोळला नसता तर तुम्ही टोपलीतून काय आणलं असतं, ते मला बोलवत नाही."

आत्या खुर्चीवर बसली.

आता वकीलच्या अंगात वकील संचारली. साखर उतरते कशाने, हा तिचा पहिला प्रश्न. औषध जास्त झाल्याने, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग इतके दिवस चढलेली का होती? औषध कमी पडल्याने. म्हणजे एकच औषध कधी कमी पडतं आणि कधी जास्त होतं? आत्या म्हणाली, की मी तर सांगितलेल्या आकड्यापर्यंतच भरते, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. आणि ते खरं होतं. रेघांच्या बाबतीत आत्या इतकी काटेकोर, की तिच्या हातची पोळीसुद्धा कंपासने आखल्यासारखी असायची.

हे चालू असताना डॉक्टरीणबाईंनी आंधळ्या मांजरीला टोचायला दुसरी सिरिंज घेतली. तिलाही तोच आजार होता. टोपण काढून त्यांनी टेबलावर ठेवलं आणि ढोलचा हात सवयीने पुढे झाला. टोपण लाल होतं.

"तुमच्याकडे नारिंगी नसतात का?" त्याने विचारलं.

"नारिंगी माणसांच्या कडक औषधाची. इथल्या मांजरांच्या औषधाला नारिंगी सिरिंज कधीच वापरत नाही आपण. का रे?"

ढोलने खिशातून राखीव सैनिकांची पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली. लाल टोपणं होती. आणि लालांमध्ये, जिथे तिथे, नारिंगी.

"हे सगळे आमच्या मांजराचे आहेत. मला वाटलं हिने घुसवले."

डॉक्टरीणबाईंनी सिरिंज बाजूला ठेवून एक नारिंगी टोपण उचललं. मग त्यांनी मुलांना समोर उभं करून समजावलं. दिवाणजींचं औषध पातळ आणि आजोबांचं कडक. पातळ औषधाची सिरिंज वेगळी, कडक औषधाची वेगळी. दोन्हींवर आकडे असतात, पण लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये त्याच आकड्याला नारिंगीच्या दुपटीहून जास्त औषध मावतं. नारिंगीने टोचलं त्या दिवशी दिवाणजींना निम्म्याहूनही कमी औषध मिळालं आणि साखर चढली. ती चढली म्हणून औषध वाढवलं. आणि आज सकाळी हाताला लाल लागली, तेव्हा ते वाढवलेलं सगळं औषध एकदम अंगात गेलं.

"आणि वाढवताना सिरिंज दाखवा असं मी म्हणायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "ते मी म्हटलं नाही."

आत्या टोपणांकडे बघत होती. तिच्या दुकानात काहीही पाकिटात राहत नसे. माल आला की पाकीट फाडायचं आणि बटणं काचेच्या बरण्यांत ओतायची. घरातही तेच. साबण बरणीत, खिळे बरणीत, औषधं बरणीत. माणसं मावली असती तर तिने तीही उंचीप्रमाणे लावली असती. मुलं सुट्टीला यायची म्हणून तिने कपाट आवरलं होतं. एक फाटकं पाकीट दिवाणजींच्या सिरिंजचं, एक आजोबांच्या जादा सिरिंजचं. दोन्ही एकाच मापाच्या. तिने दोन्ही एका बरणीत ओतल्या होत्या.

आता वकीलचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, आजोबांच्या उशाशी पाकीट होतं ना? ते आहे की संपलं?"

आत्याने वर पाहिलं. पाकीट संपलं होतं. आज सकाळची शेवटची सिरिंज झाल्यावर तिनेच बरणीतून मूठभर काढून आजोबांच्या उशाजवळच्या पेल्यात ठेवल्या होत्या. न बघता. आणि बाहेर दुकानांचे दिवे लागायला लागले होते. आजोबांची टोचायची वेळ हीच.

कडक औषध आणि लाल सिरिंज. दुपटीहून जास्त. दिवाणजींचे हवेत पोहणारे पाय सगळ्यांना एकदमच आठवले असावेत, कारण कुणी कुणाला काही सांगितलं नाही. आत्या दाराबाहेर पडलीसुद्धा. ढोल तिच्या मागे. वकीलने पळता पळता आजोबांचा फोन लावला.

आजोबा फोन उचलत नसत. वाजणं हे फोनचं काम आणि उचलणं हे दुसऱ्या कुणाचं तरी, असं त्यांचं मत होतं. फोन वाजत राहिला. गल्लीचं वळण आलं आणि गेलं. मग पलीकडून शेपूटचा आवाज आला, पलंगाखालून आल्यासारखा. कशाला हात लावायचा नाही असं सांगितलंय मला, म्हणाली, पण फोन थांबतच नव्हता.

"शेपूट, नीट ऐक. आजोबांनी टोचलं का?"

"टोचतायत."

"टोपण बघ. ताटलीत. कुठला रंग?"

शेपूटने पलंगाखालून डोकं काढलं. आजोबा काठावर बसले होते, सदरा वर केलेला, एका चिमटीत पोट, दुसऱ्या हातात भरलेली सिरिंज. ताटलीत लाल टोपण.

"लाल," ती म्हणाली. फोनमधून वकील काय ओरडली ते तिने पुरतं ऐकलंही नाही. थांबव, एवढंच कळलं.

ती आजोबांना म्हणाली, की टोचू नका. आजोबा म्हणाले, की तुझा बाप चड्डीत होता तेव्हापासून टोचतोय मी, बाजूला हो. ती पुन्हा म्हणाली. ते हसले आणि रेघ नीट आहे का ते बघायला सिरिंज चष्म्याजवळ नेली.

सुईला हात लावायचा नाही, हे शेपूटला माहीत होतं. तिने चष्म्याला लावला. नाकावरून अलगद उचलला, आणि उंदीर बिळात जावा तशी पलंगाखाली, थेट भिंतीपाशी.

चष्म्याशिवाय आजोबांना समोरचा हत्तीही ढगासारखा दिसायचा. त्यांनी आधी तिला बोलावलं, मग दरडावलं, मग घरातल्या आजच्या पिढीबद्दल बरंच काही ऐकवलं. शेवटी वाकून बघायचं तर दोन्ही हात टेकवायला हवेत. त्यांनी सिरिंज ताटलीत ठेवली.

"चष्मा दे. नाहीतर मी खरंच रागवेन."

"रागवा," पलंगाखालून आवाज आला. "सगळे आधीच रागावलेत. तुम्ही पण रागवा. पण टोचू नका."

आजोबा तसेच वाकलेले राहिले. मग त्यांनी सदरा खाली केला आणि कण्हत कण्हत जमिनीवर बसले. तुला कोण रागावलं, असं त्यांनी विचारलं, तेव्हा इतका वेळ दाबून धरलेलं रडू बाहेर आलं.

जिन्यावर पावलं वाजली. आत्याने आधी वडिलांकडे पाहिलं, मग ताटलीकडे. सिरिंज रेघेपर्यंत भरलेली होती, काटेकोर, एक थेंब न सांडता.

"बाबा, टोचलंत?"

"कसं टोचणार? माझे डोळे ही घेऊन गेली."

आत्या खाली बसली, मग चक्क आडवी झाली, आणि अर्धी पलंगाखाली गेली. दुकानातल्या गिऱ्हाइकांनी तिला अशी पाहिली असती तर त्यांचा विश्वास बसला नसता. तिने शेपूटचा चिकट हात धरला.

"आमच्या दुकानात आधी माप बघतात, मग भोकं," ती म्हणाली. "रंग शेवटी. रंग काय, गिऱ्हाईक आपलं आपण बघून घेतं. आणि इथलं गिऱ्हाईक मांजर होतं गं. ते कसं सांगणार? त्याच्या वतीने तू सांगत होतीस, आणि मी तुलाच बोलले."

शेपूटने विचारलं, की दिवाणजी परत येणार ना?

त्याचं उत्तर मिळायला बरेच दिवस गेले. डॉक्टरीणबाईंनी दिवाणजींना मागच्या खोलीतच ठेवलं, औषध पहिल्या मापावर आणलं आणि टोचलं फक्त लाल सिरिंजने. मुलं रोज जाऊन पिंजऱ्यासमोर बसत. पहिल्या दिवसांत दिवाणजींनी शेपूटकडे पाहिलंही नाही. एकदा डॉक्टरीणबाईंनी ढोलला बाजूला घेऊन सांगितलं, की आशा ठेव, पण मोठी ठेवू नकोस. त्या दिवशी ढोल इतका हळू बोलत होता, की आजोबांनी स्वतःचे कान तपासून घेतले.

सुट्टी संपत आली तेव्हा टोपली घरी परतली. दिवाणजी बारीक झाले होते. मान थोडी डावीकडे कललेली राहिली होती आणि ते सरळ निघाले की भिंतीला जाऊन टेकायचे. ही मान आता अशीच राहील, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पण साखर ताळ्यावर होती. त्या स्वतः टोपलीबरोबर आल्या होत्या. पिंजऱ्यावरची चिठ्ठी त्यांनी शेपूटच्या हातात दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, की मध या धाकटीने लावला, टोपणं या मुलाने जपली आणि खरे प्रश्न या मुलीने विचारले. आम्ही मोठ्यांनी फक्त आकडे वाढवले.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या फळीवर एक फाटकं पाकीट उघडं पडलेलं असतं, आणि आजोबांच्या उशाशी दुसरं. त्यांच्याजवळून जाताना आत्या नजर वळवते. तिचे हात शिवशिवतात. पण ती बरणीला हात लावत नाही.

गच्चीवर शेवटचा डाव मांडला तेव्हा ढोलने विचारलं, की फितुरांना शिक्षा काय द्यायची? वकीलने थोडा विचार केला. "फितूर नव्हते ते," ती म्हणाली. "बातमी घेऊन आले होते. आपण वाचलीच नाही." मग त्या नारिंगी टोपणांना पटाच्या बरोबर मध्ये, दोन्ही सैन्यांच्या पुढे उभं करण्यात आलं.

शेपूट आता दूर, आपल्या घरी आहे. आजोबा फोन उचलायला शिकले आहेत, निदान संध्याकाळचा एक. ते तिला सांगतात, की तू गेल्यापासून दिवाणजी रोज माझ्या चष्म्यावर बसतात आणि टोपणाचा रंग दाखवल्याशिवाय उठत नाहीत. वकील मागून म्हणते, की यातलं चष्म्यावर बसण्याचं तेवढं खरं आहे.

"आजोबा, टोपण?" शेपूट विचारते.

"नारिंगी."

"दिवाणजींचं?"

"लाल. तुझी आत्या समोर धरून उभी आहे."

"मग टोचा."